गावठी डुकरांच्या रंगाची आनुवंशिकी

कोकण किनारपट्टीवर, विशेषतः गोव्यात, परसात पाळले जाणारे गावठी डुक्कर बहुधा काळे असते. काणकोण तालुक्यातील आगोंद गावाचे नाव लाभलेली ‘आगोंदा गोवन’ ही येथील नोंदणीकृत जात. तिची नोंद कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे.

डुकराचा रंग मुख्यतः दोन जनुके ठरवतात. सहाव्या गुणसूत्रावरील ‘एमसी१आर’ केसात काळे रंगद्रव्य तयार होणार की तांबूस, हे ठरवते. आठव्या गुणसूत्रावरील ‘किट’ हे जनुक भ्रूणात रंगपेशी त्वचेपर्यंत पोचू देते. त्या पोचल्याच नाहीत तर एमसी१आर कोणतेही असो, केस पांढरेच येतात. लार्ज व्हाइट यॉर्कशायर या विदेशी जातीचा पांढरा रंग हा असाच. त्यात किटची प्रत दुपटलेली असते (हे १९९६ मध्ये दाखवले गेले) आणि एका प्रतीत जनुकाच्या संदेशाचे तुकडे जोडण्यातला दोषही असतो. डोळे मात्र काळेच राहतात, त्यामुळे ही वर्णहीनता नव्हे.

हा पांढरा प्रभावी, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसणारा, असल्याने शुद्ध यॉर्कशायर नर आणि काळी गावठी डुकरीण यांची सगळी पिल्ले पांढरी होतात. अशा संकरितांचा आपसांत संकर केला, तर सरासरी १६ पिल्लांत १२ पांढरी, ३ काळी आणि १ ठिपकेदार निघते. ते ठिपके यॉर्कशायरकडून येतात. पांढऱ्याखाली त्याच्या एमसी१आरचे बिघडलेले रूप बहुधा दडलेले असते. त्यात डीएनएची २ अक्षरे जास्तीची असतात. काही पेशींत ती गळून पडतात, आणि नेमके तेवढेच ठिकाण काळे होते.

खरी फसगत काळ्या पिल्लात आहे. संकरित पांढरा नर काळ्या गावठी डुकरिणीला दिला की निम्मी पिल्ले काळी येतात. दिसायला ती अस्सल गावठी, पण सरासरी चौथा हिस्सा वारसा यॉर्कशायरचा. रंग पाहून पैदाशीचा नर निवडणाऱ्याच्या कळपात परके रक्त असेच शिरते. आजा-आजीपर्यंतची माहिती नसेल तर काळेपणाला पुरावा मानू नये.

पांढरा नर शुद्ध की संकरित, हे मात्र रंगावरून तपासता येते. तो काळ्या डुकरिणीला द्यावा. एक जरी काळे पिल्लू निघाले तरी तो संकरित. सलग ७ पिल्ले पांढरी आली, तर तो संकरित असण्याला फारशी जागा उरत नाही, कारण संकरित नराकडून असे घडण्याची शक्यता १२८ पैकी १ एवढीच. बहुतेक वेळा एका वेतात निकाल लागतो. डुकरीण दुसऱ्या नराकडे गेली नसल्याची खात्री हवी. मोकाट सोडलेल्या डुकरिणीवर ही चाचणी फुकट जाते.

पिल्लू धुऊनच पाहावे, तांबडी माती भल्याभल्यांना चकवते. पांढऱ्या केसांखाली कातडीवर निळसर-करडे डाग दिसले तर संकराचा संशय घ्यावा.

इतर विदेशी जातींपैकी ड्युरॉकचा तांबडा अप्रभावी असून काळ्यापुढे पहिल्या पिढीत झाकला जातो. हॅम्पशायरचा खांद्यावरील पांढरा पट्टा प्रभावी असतो. पिल्लांच्या अंगावर लांब पट्टे दिसले, तर एमसी१आरचे रानटी रूप निदान एका बाजूने आले असे समजावे. ते रानडुकरापासून आले असेलच असे नाही. हे पट्टे वयात येण्याआधीच मावळतात, म्हणून नोंद दूध तुटण्यापूर्वी करावी.