रॉजर्स आणि पॅकर्स : बिनसलं ते फक्त लव्हमुळे नाही

२९ एप्रिल २०२१. एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, तिचा ड्राफ्ट (टीम्सनी पाळीपाळीनं नवे कॉलेज खेळाडू निवडायचा कार्यक्रम) सुरू व्हायला काही तास उरले होते आणि ईएसपीएनच्या अ‍ॅडम शेफ्टरनं बातमी फोडली की क्वार्टरबॅक (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) एरन रॉजर्सला आता त्याच्या टीमकडे, ग्रीन बे पॅकर्सकडे, परत यायचंच नाहीये. हा माणूस नुकताच त्या सीझनचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झालेला, ४८ टचडाउन पास आणि फक्त ५ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं पकडलेले पास), टीम सलग दुसऱ्या वर्षी १३-३ (१३ विजय, ३ पराभव), मग घोडं पेंड कुठं खातंय? बहुतेकांनी सोपं उत्तर धरलं, की २०२० मध्ये टीमनं जॉर्डन लव्ह नावाचा तरुण क्वार्टरबॅक उचलला आणि साहेब रुसले. मला ते कधीच पूर्ण पटलं नाही. लव्हमुळे सगळं चव्हाट्यावर आलं हे खरं, पण रॉजर्सच्या मनात अढी बसली ती त्याच्याही दोन वर्षं आधी, आणि त्या अढीचं कारण होतं की महत्त्वाचं काहीही ठरवताना कुणी त्याच्या कानावर घालत नव्हतं.

आधी हा क्लब काय प्रकार आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. एनएफएलमध्ये बाकी सगळ्या टीम्सना कुणीतरी धनी असतो, अब्जाधीश माणूस किंवा त्याचं घराणं. पॅकर्सला मालकच नाही. १९१९ साली सुरू झालेला हा क्लब विस्कॉन्सिनमधल्या जेमतेम लाखभर वस्तीच्या गावात आहे आणि त्याचे पाच लाखांवर शेअरहोल्डर आहेत. शेवटच्या विक्रीत शेअर ३०० डॉलरला होता, त्यावर डिव्हिडंड नाही, तो बाजारात विकता येत नाही, लोक फ्रेम करून दिवाणखान्यात लावतात. कारभार बघतो तो प्रेसिडेंट, त्याच्यावर कमिटी. आता दुसऱ्या टीममधल्या स्टार खेळाडूचं जनरल मॅनेजरशी, म्हणजे खेळाडू घेणं-सोडणं ठरवणाऱ्याशी, वाजलं तर तो थेट मालकाला फोन करतो, मालक दोघांना समोर बसवतो, बरंवाईट काहीतरी मिटतं. ग्रीन बेमध्ये असा फोन लावायला कुणी नव्हतंच. होता तो मार्क मर्फी, २००८ पासून प्रेसिडेंट, स्वतः जुना खेळाडू, पण शेवटी तोही पगारीच.

रॉजर्स इथं आला तोच मुळी एका अपमानातून. २००५ च्या ड्राफ्टमध्ये तो पहिल्या नंबरवर जाईल असं बोललं जात होतं, पहिला नंबर होता सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सचा, म्हणजे लहानपणापासूनची त्याची लाडकी टीम, आणि त्यांनी अ‍ॅलेक्स स्मिथला घेतलं. त्यानंतर न्यूयॉर्कच्या त्या खोलीत टीव्ही कॅमेऱ्यांसमोर हा सूट घालून तासन् तास बसलाय, एकेक नाव पुकारलं जातंय, बाकीची पोरं उठून स्टेजवर जातायत, याचा नंबर काही लागत नाही. २३ जण गेल्यावर २४ व्या नंबरवर पॅकर्सनी घेतला. जनरल मॅनेजर टेड थॉम्पसनचा तो पहिलाच ड्राफ्ट होता आणि टीमकडे ब्रेट फार्व्ह होता, तीन वेळचा एमव्हीपी, गावाचा देव. म्हणजे गरज नसताना पुढच्या दहा वर्षांची सोय म्हणून घेतलेला हा मुलगा. तीन वर्षं बेंचवर बसला.

फार्व्हचं काय झालं ते लक्षात ठेवा. २००७ मध्ये रँडी मॉस हा रिसीव्हर (पास पकडणारा खेळाडू) उपलब्ध होता, फार्व्हला तो हवा होता, थॉम्पसन काही हलला नाही आणि न्यू इंग्लंडनं चौथ्या राउंडच्या एका पिकवर (ड्राफ्टमधल्या निवडीच्या हक्कावर) मॉसला नेलं. फार्व्ह चिडला. मार्च २००८ मध्ये त्यानं रडत रडत रिटायरमेंट जाहीर केली, जुलैत मन बदललं, तर टीमनं वाटाण्याच्या अक्षता लावल्या, आम्ही आता रॉजर्सवर पुढे जातोय. ऑगस्टमध्ये त्याची रवानगी न्यूयॉर्क जेट्सकडे. त्या उन्हाळ्यात सरावाला आलेल्या पब्लिकमधून रॉजर्सला हूटिंगही झालं, चूक काय तर फार्व्हच्या जागेवर उभा होता. त्यानं तेव्हा तोंडातून वावगा शब्द काढला नाही, हे मान्यच करायला हवं. पण ही टीम आपल्या सगळ्यात मोठ्या माणसालाही कसं वागवते ते त्यानं पंचविशीच्या आत डोळ्यांनी बघितलं होतं.

मग चांगले दिवस आले. फेब्रुवारी २०११ मध्ये स्टीलर्सना ३१-२५ हरवून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल जिंकली, त्याच वर्षीच्या सीझनला १५-१ आणि पहिला एमव्हीपी, २०१४ ला दुसरा. थॉम्पसनची पद्धत होती की बाहेरून महागडे खेळाडू आणायचे नाहीत, आपणच ड्राफ्ट करायचे, आपणच घडवायचे, आणि वय झालं की वेळेत सोडून द्यायचे. चालत होतं तोपर्यंत कुणी काही बोललं नाही. एक गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे, पॅकर्सनी पहिल्या राउंडमध्ये रिसीव्हर घेतला होता तो २००२ साली, त्यानंतर थेट २०२५ मध्ये घेतला, म्हणजे रॉजर्सच्या ग्रीन बेमधल्या सगळ्या कारकिर्दीत एकदाही नाही. दुसऱ्या राउंडमधून त्यांनी जॉर्डी नेल्सन, रँडल कॉब, डवांटे अ‍ॅडम्स असे हिरे काढले हेही खरंच, त्यामुळे उपाशी ठेवलं असं म्हणता येत नाही. पण दरवर्षी बाकीच्या टीम्स आपल्या क्वार्टरबॅकला पहिल्या राउंडची भेट देतायत आणि आपल्याकडे नाही, हे माणसाच्या मनात राहतंच.

आता २०१८. माझ्या मते सगळं इथं फिरलं. थॉम्पसन बाजूला झाला, त्याच्या जागी ब्रायन गुटेकुन्स्ट आला आणि मर्फीनं कारभाराची रचनाच बदलली. आधी जनरल मॅनेजर कोचचा साहेब असायचा. आता जनरल मॅनेजर, कोच आणि कॉन्ट्रॅक्टचे हिशेब बघणारा रस बॉल, तिघांनीही वेगवेगळं थेट मर्फीला रिपोर्ट करायचं. कागदावर छान दिसतं, प्रत्यक्षात तीन दरवाजे झाले आणि खेळाडूनं कुठला वाजवायचा तेच कळेना. त्याच हिवाळ्यात रॉजर्सचा क्वार्टरबॅक कोच अ‍ॅलेक्स व्हॅन पेल्ट याला टीमनं ठेवलं नाही. ज्या माणसाबरोबर तुम्ही रोज खोलीत बसून मॅचची फिल्म बघता त्याला काढताना तुम्हाला विचारणं सोडा, सांगतही नाहीत, आणि रॉजर्सनं हे जाहीर बोलून दाखवलं, मला न विचारता झालं म्हणून. मार्चमध्ये जॉर्डी नेल्सनला सोडलं, हा त्याचा जिवाभावाचा मित्र आणि दहा वर्षांचा जोडीदार. ऑगस्टमध्ये त्याच रॉजर्सला चार वर्षांचं १३ कोटी ४० लाख डॉलरचं एक्स्टेन्शन दिलं, म्हणजे पैशाचा प्रश्न कधीच नव्हता. डिसेंबरमध्ये कोच माइक मॅकार्थीला सीझन चालू असतानाच काढलं. रॉजर्सचं आणि त्याचं शेवटी शेवटी जमत नव्हतं हे सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे या निर्णयावर काही तो रडला नसेल.

नवा कोच मॅट लफ्लोर आला, पहिल्याच वर्षी १३-३, टीम कॉन्फरन्स फायनलपर्यंत (सुपर बोलच्या आधीच्या मॅचपर्यंत) गेली. सगळ्यांना वाटलं आता एक रिसीव्हर द्या आणि झालं काम. २३ एप्रिल २०२० ला गुटेकुन्स्टनं काय केलं, तर मायामीला चौथ्या राउंडचं पिक देऊन ३० वरून २६ वर सरकला आणि युटा स्टेटचा जॉर्डन लव्ह घेतला. पुढे रनिंग बॅक, मग टाइट एंड. त्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये एकही रिसीव्हर नाही! रॉजर्सनं नंतर सांगितलं की नाव ऐकल्यावर तो उठला आणि ग्लासात टकिला ओतून घेतली. पंधरा वर्षांपूर्वी हाच डाव फार्व्हवर टाकला होता आणि तेव्हा खिशात पडलेला पत्ता तो स्वतः होता, त्यामुळे पुढं काय होतं हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

इथं माझं मत स्पष्ट सांगतो, लव्हला घेणं चूक नव्हतं. क्वार्टरबॅक ३६ वर्षांचा, मागची दोन-तीन वर्षं त्याच्या मानानं थंड, टीमनं पुढचा विचार करायलाच हवा. चूक ही की त्याला आधी एक फोन गेला नाही. बॉस, असं असं करतोय, तुझी जागा पक्की आहे, एवढं दोन मिनिटांचं बोलणं. गुटेकुन्स्टनं नंतर स्वतःच कबूल केलं की संवाद आणखी चांगला ठेवता आला असता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेक कुमरो नावाच्या साध्या रिसीव्हरचं रॉजर्सनं जाहीर कौतुक केलं आणि लगोलग टीमनं त्याला नारळ दिला. कुमरो काही मोठा खेळाडू नव्हता, पण रॉजर्सच्या शब्दाला इथं काय किंमत आहे ते त्यातून दिसलं, निदान त्याला तरी तसंच दिसलं.

जानेवारी २०२१, पॅकर्सच्या घरच्या लॅम्बो फील्डवर टॅम्पा बे विरुद्ध कॉन्फरन्स फायनल. त्याच आठवड्यात टेड थॉम्पसन वारला होता. स्कोअर ३१-२३, पॅकर्स मागे, सव्वादोन मिनिटांच्या आत वेळ उरलेला, पॅकर्स टचडाउनपासून आठ यार्डांवर, चौथा डाउन, म्हणजे शेवटचा प्रयत्न. टचडाउनचे सहा आणि वरचे दोन पॉइंट मिळाले तर बरोबरी. लफ्लोरनं फील्ड गोल (तीन पॉइंटची किक) मारायला सांगितलं, ३१-२६ झालं, बॉल टॅम्पाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीच्या हातात गेला आणि परत मिळालाच नाही. रॉजर्स म्हणाला तो निर्णय माझा नव्हता, आणि पुढं हेही म्हणाला की बऱ्याच जणांचं भवितव्य अनिश्चित आहे, माझंही. लोकांना ते हरल्याच्या रागातलं वाटलं. तीन महिन्यांनी शेफ्टरची बातमी आली.

त्यानंतरचा उन्हाळा म्हणजे नुसता तमाशा. मर्फी, लफ्लोर, गुटेकुन्स्ट एकेक करून विमानानं त्याला भेटून आले, उपयोग शून्य. जूनचा सक्तीचा कॅम्पही त्यानं बुडवला. मर्फीनं लिहिलं की या प्रकरणानं आपल्या फॅन्समध्ये फूट पडलीये, वर एका कार्यक्रमात बोलून गेला की थॉम्पसन नेहमी म्हणायचा, एरन हा गुंतागुंतीचा माणूस आहे. अरे, समजूत घालायला निघालास ना तू? जुलैच्या शेवटी तोडगा निघाला, कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष रद्द, आणि ह्यूस्टनकडून रँडल कॉबला परत आणायचं.

२८ जुलैची ती पत्रकार परिषद या सगळ्या प्रकरणाचा खरा दस्तऐवज आहे. रॉजर्स आला आणि काहीही आडपडदा न ठेवता बोलला. चार्ल्स वुडसन, ज्युलियस पेपर्स, क्ले मॅथ्यूज, नेल्सन, कॉब, जेम्स जोन्स, जॉन कून, अशी नावं घेत गेला, टीममधले कणे असलेले लोक, ज्यांना एकतर ऑफरच दिली नाही किंवा अगदीच कमी दिली किंवा जाताना मान ठेवला नाही. खेळाडू निवडायचा हक्क मला नकोय, पण माझ्या कामावर परिणाम होणाऱ्या गोष्टींत मला बोलवा, असं त्याचं म्हणणं. शिवाय एक टोमणा, ग्रीन बे म्हणजे काही सुट्टी घालवायला येण्याचं ठिकाण नाही, लोक इथं येतात ते माझ्याबरोबर खेळायला आणि जिंकायला. माज वाटतो ऐकताना, पण खोटंही नाही.

पुढचं झरझर झालं. चौथा एमव्हीपी, कोविडच्या लसीवरून झालेला वेगळाच वाद, घरच्या मैदानावर फोर्टी-नाइनर्सकडून १३-१० हार. मार्च २०२२ मध्ये तीन वर्षांचं सुमारे १५ कोटी डॉलरचं नवं कॉन्ट्रॅक्ट, वाटलं मिटलं, आणि दहा-बारा दिवसांत डवांटे अ‍ॅडम्स लास व्हेगसच्या टीमकडे. (त्याला स्वतःलाच जायचं होतं, इथं मॅनेजमेंटला फार दोष देता येत नाही.) ८-९ असा सीझन, शेवटच्या मॅचला लायन्सकडून घरीच हार. एप्रिल २०२३ मध्ये रॉजर्सचा ट्रेड ठरला, आणि गेला कुठं, तर जेट्सकडे, फार्व्ह गेला होता तिथंच.

ट्रेडमध्ये एक अट होती, रॉजर्स त्या सीझनला ६५ टक्के प्ले खेळला तर पॅकर्सना २०२४ चं पहिल्या राउंडचं पिक, नाहीतर दुसऱ्या. ११ सप्टेंबरला चौथ्याच प्लेला त्याची टाचेमागची अ‍ॅकिलीस कंडरा तुटली. पॅकर्सना दुसऱ्या राउंडवर भागवावं लागलं, पण लव्हनं त्याच सीझनला त्यांना प्लेऑफमध्ये नेलं आणि डॅलसला ४८-३२ धुतलं, डॅलसचा कोच कोण, तर माइक मॅकार्थी.

जेट्सनी रॉजर्सला ते सगळं दिलं जे तो ग्रीन बेमध्ये मागत होता. त्याच्या पसंतीचा नॅथनिअल हॅकेट ऑफेन्सचा कोऑर्डिनेटर होताच, कॉब आणला, अ‍ॅलन लझार्ड आणला, ऑक्टोबर २०२४ मध्ये अ‍ॅडम्सही आणला. रेकॉर्ड ५-१२. सीझन चालू असतानाच कोच आणि जनरल मॅनेजर दोघंही गेले. २०२५ च्या सुरुवातीला नवा कोच एरन ग्लेननं त्याला भेटायला बोलावलं, हा स्वखर्चानं देशाच्या दुसऱ्या टोकाहून गेला, आणि बसल्या बसल्या त्याला सांगितलं की आम्ही दुसऱ्या दिशेनं जातोय. यावेळी निदान तोंडावर सांगितलं होतं, पण सांगायची पद्धत त्याला आवडली नाही आणि पुढं त्यानं तेही जाहीर बोलून दाखवलं.