शाळेच्या बागेत रुई हवीच

पर्यावरण दिन जवळ आला की सीमाभागातल्या शाळांत ‘फुलपाखरू उद्यान’ उभं राहतं. त्यात सदाफुली, जास्वंद आणि शोभेची म्हणून टणटणी (म्हणजे जंगल गिळणारं परदेशी तण!). फुलपाखरं येतात, मध पितात, निघून जातात. मादी अंडी घालते ती अळीला खाता येणाऱ्या पानावरच, आणि बहुतेक अळ्यांचं खाणं मोजक्याच झाडांपुरतं असतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉर्मन येतं, पानफुटीवर रेड पिएरो. तरी खानापूरपासून अथणीपर्यंत फुकट मिळणारं आणि शिकवायला सगळ्यांत सरस झाड म्हणजे रुई. तिच्यावर प्लेन टायगर हे फुलपाखरू वाढतं.

रुईच्या चिकात कार्डिनोलाइड ही विषं असतात. प्राण्यांच्या पेशी सतत सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत ओढतात. हे काम एका प्रथिनाच्या पंपाचं. विष पंपाच्या खाचेत बसलं की तो अडतो आणि हृदयाचे ठोके बिघडतात. प्लेन टायगरच्या पंपात, प्रथिनसाखळीच्या 122व्या जागी, नेहमीच्या अ‍ॅस्परॅजिनऐवजी हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असतं. त्यामुळे विषाची पकड सैल पडते. अळी पाला खाते, थोडं विष अंगात साठवते, ते फुलपाखरात उतरतं. एकदा चव घेतलेला पक्षी नारिंगी पंख आणि त्यांची काळी टोकं विसरत नाही. याचा फायदा डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी घेते: स्वतः बिनविषारी, पण वेश तोच. नर मात्र काळा, मोठ्या पांढऱ्या ठिपक्यांचा. तिची अळी घोळ खाते, म्हणून रुईशेजारी घोळीचा वाफा हवा. बाजारातल्या जुडीचे ताजे देठ खोचले तरी मुळं धरतात.

रुई दोन्ही भाषांच्या घरांत आधीच आहे. मारुतीला शनिवारी तिच्या पानांचा हार घालतात; कन्नड घरांत रथसप्तमीला ‘एक्क’ची पानं डोक्या-खांद्यांवर ठेवून स्नान करतात. पाटीवर मुलांनी घरून विचारून आणलेली मराठी, कन्नड, उर्दू नावं लिहा, खाली शास्त्रीय नाव, कॅलोट्रॉपिस. पांढऱ्या रुईच्या मुळात ‘आपोआप’ घडलेला गणपती विकणाऱ्यांकडे मात्र फिरकू नका. तो कोरलेला असतो. अळीला पांढरी आणि जांभळी रुई सारखीच.

जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी कापा. चीक सुकायला दिवसभर सावलीत ठेवा, मग कुंपणाकडेला दीड-दीड मीटरवर लावा. खानापूरच्या पावसात उंचवटा केला नाही तर ती कुजते. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते: लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. छाटणी मोठ्यांनीच करावी. एप्रिल-मेच्या सुट्टीत रुई तग धरते, कोवळा कढीपत्ता वाळतो; त्याच्या बुडाशी मातीचं मडकं पुरून दर आठवड्याला भरायची पाळी लावा. पिवळा मावा पडला तर पिचकारीने धुऊन काढा. औषध मारलं, अगदी कडुनिंबाचं, तरी अळ्याही मरतात. रुईची चार-पाच झाडं हवीतच, कारण एखादं अळ्या पार बोडकं करतात. तपासणीला साहेब येणार म्हणून ते उपटू नका, पुन्हा फुटतं.