व्याज जास्त का? ‘गरीब कर्ज बुडवतात’ या समजाविषयी खुलासा

अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना कर्ज महाग मिळते, कारण ती ते बुडवतात, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो या कुटुंबांवर अन्याय करणारा आहे. १९८३ साली स्थापन झालेल्या बांगलादेशातील ग्रामीण बँकेने प्रामुख्याने स्त्रियांना, काहीही तारण न घेता, लहान कर्जे दिली आणि त्यांतील बहुतांश वसूल झाली; २००६ चे नोबेल शांतता पारितोषिक मुहंमद युनूस आणि ही बँक यांना विभागून मिळाले.

मग व्याज जास्त का? अर्ज, पडताळणी आणि वसुली यांचा खर्च कर्ज लहान असो वा मोठे, जवळपास तेवढाच येतो आणि लहान रकमेवर त्याचा भार टक्केवारीत फार मोठा दिसतो.

दुसरे कारण दर सांगण्याच्या पद्धतीत दडलेले असते, आणि माझ्या मते खरी दुरुस्ती तिथेच हवी. समजा १२,००० चे कर्ज बारा समान मासिक हप्त्यांत फेडायचे आहे आणि दर ‘सरसकट १२ टक्के’ सांगितला आहे. व्याज १,४४० होते, हप्ता १,१२०. मुद्दल दरमहा घटत असूनही व्याज मात्र पूर्ण रकमेवर आकारले जाते. त्यामुळे घटत्या शिलकीवर मोजलेला वार्षिक दर २१ टक्क्यांहून अधिक भरतो. शुल्क आणि विम्याचा हप्ता त्याहून वेगळा. म्हणून सर्व आकार धरून येणारा एकच वार्षिक दर, सही घेण्यापूर्वी, कर्जदाराच्या भाषेत लिहून देणे सक्तीचे असले पाहिजे.