आधी नायक की आधी जग? सुपरहिरो आणि विज्ञानकथांच्या टेबलटॉप खेळांची पार्श्वभूमी

टेबलाभोवती बसून, कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन, एकेक पात्र होऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळांमध्ये सुपरहिरो आणि विज्ञानकथा हे दोन प्रकार जवळजवळ एकाच वेळी आले. मूळही एकच होतं. तरी पात्र घडवायची त्यांची रीत एकमेकांच्या अगदी उलट निघाली. विज्ञानकथेच्या खेळात आधी जगाचे कायदे ठरतात आणि त्यातून तावून-सुलाखून पात्र बाहेर पडतं. सुपरहिरोच्या खेळात आधी नायक ठरतो आणि शहर, शत्रू, नातेवाईक हे सगळं त्याच्याभोवती गोळा होतं. हा फरक कुणी ठरवून केलेला नव्हता. दोन्हीकडच्या अडचणी वेगळ्या होत्या, म्हणून उपायही वेगळे सापडले.

दोघांचं मूळ म्हणजे १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. त्यात सहा गुणांसाठी प्रत्येकी तीन फासे टाकायचे आणि जे दान पडेल ते आपलं. ताकद १६ आली तर लढवय्या व्हा, बुद्धी १६ आली तर जादूगार. पात्राचा भूतकाळ कुणी विचारत नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. सगळे दुबळे म्हणून सुरुवात करतात, तळघरात उतरतात, खजिना आणतात आणि हळूहळू बलवान होतात. जगही तळघराएवढंच तयार असलं तरी चालायचं; पुढचं गाव पुढच्या आठवड्यात.

हा साचा विज्ञानकथेला लावायला गेलं की पहिल्याच दिवशी प्रश्न उभा राहतो: तळघर कुठाय? हातात यान आहे आणि समोर अख्खी आकाशगंगा. खेळाडू कुठल्याही दिशेला जाऊ शकतो, मग खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे गेम मास्टरने, किती ग्रह तयार ठेवायचे? जेम्स वॉर्ड यांनी १९७६ साली 'मेटामॉर्फोसिस अल्फा'त यातून एक चतुर पळवाट काढली. सगळं जग म्हणजे 'वॉर्डन' नावाचं एकच प्रचंड यान. आतली व्यवस्था कोलमडलेली, प्राणी-माणसं उत्परिवर्तित झालेली, आणि आपण यानात आहोत हेच वंशजांच्या विस्मरणात गेलेलं. म्हणजे तळघरच, फक्त पोलादी. पण पात्राचं अज्ञान हाच जगाचा मुख्य गुणधर्म करणं ही कल्पना मला आजही थोर वाटते. खेळाडूला काही माहीत नसणं ही एरवी अडचण असते. इथे तीच कथा झाली.

खरं उत्तर पुढच्या वर्षी आलं. गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने १९७७ साली मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' बाजारात आणला: एका छोट्या खोक्यात तीन काळ्या पुस्तिका. यातलं पात्र १८ वर्षांचं असताना सुरू होतं, पण खेळ तेव्हा सुरू होत नाही. आधी नोकरी धरायची. आरमार, मरीन, लष्कर, स्काउट, व्यापारी ताफा, नाहीतर 'इतर'. चार-चार वर्षांची मुदत. प्रत्येक मुदतीला दोन फासे टाकून आधी जगलात का ते बघायचं, मग बढती मिळाली का, मग काय शिकलात. जितक्या मुदती जास्त, तितकी कौशल्यं जास्त. पण ३४ व्या वर्षापासून म्हातारपणाचे फासे सुरू होतात आणि ताकद, चपळाई घसरू लागते. आणि जगण्याचा फासा हुकला तर पात्र तिथेच मरतं. खेळ सुरू व्हायच्या आधी. कोरा कागद घ्या, पुन्हा १८ व्या वर्षापासून सुरुवात करा.

या नियमाची चेष्टा आजतागायत होते, पण त्यामागचा हिशेब पक्का होता. अनुभव फुकट मिळत नाही. एक मुदत आणखी काढू की आता बाहेर पडू, हा जुगार खेळाडूच्या हातात दिलेला होता. स्काउट होणं सर्वांत धोक्याचं, पण बाहेर पडताना स्वतःच्या दिमतीला छोटं यान मिळायची शक्यता. व्यापाऱ्याच्या नशिबी मोठं मालवाहू यान येऊ शकतं, पण डोक्यावर ४० वर्षांच्या हप्त्यांचं कर्ज घेऊन. कर्ज आलं की माल भरावा लागतो, माल पोचवायला दुसऱ्या ग्रहावर जावं लागतं, तिथे भानगड होते. गेम मास्टरने वेगळं कथानक रचायची गरज उरत नाही. शिवाय पात्राच्या सहा गुणांत ताकद, चपळाई, दमसास, बुद्धी यांच्या जोडीला शिक्षण आणि सामाजिक दर्जा हेही होते. दर्जाचं दान ११-१२ पडलं तर थेट सरदारकी. म्हणजे साम्राज्य कसं आहे हे वाचायच्या आधीच त्याची वर्गव्यवस्था कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या नोंदींच्या कागदावर, उतरलेली असायची.

जग घडवायची रीतही तीच. षटकोनी खणांचा नकाशा, आठ रांगा गुणिले दहा, प्रत्येक खण एक पार्सेक (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं एकक). असा एक नकाशा म्हणजे एक उपक्षेत्र. प्रत्येक खणाला एक फासा, चार किंवा वर पडलं तर तिथे वस्ती. म्हणजे ८० खणांत साधारण ४० जगं. मग एकेका जगाचं बंदर, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञान, असे एकामागून एक आकडे. यातली खुबी अशी की पुढचा आकडा मागच्यावर टेकलेला असतो. ग्रह लहान पडला तर वातावरण विरळ व्हायची शक्यता वाढते, लोकसंख्या वाढली तर शासन जड होतं, शासन जड झालं की कायदा कडक. फाशांनी कधीकधी हास्यास्पद जगं निघतात: हवा नाही, पाणी नाही, आणि अब्जावधी लोक. मग टेबलावर कुणीतरी विचारतं, हे लोक इथे का राहतात? त्याचं उत्तर शोधता शोधता सेटिंग तयार होतं. पहिल्या तीन पुस्तिकांत तयार विश्व नव्हतंच. 'थर्ड इम्पिरियम' हे नंतर गाजलेलं साम्राज्य पुढच्या पुस्तकांतून आलं. 'स्पिनवर्ड मार्चेस' हा सोळा उपक्षेत्रांचा प्रदेश १९७९ चा.

त्याच १९७७ साली डोनाल्ड सॅक्समन यांचा 'सुपरहिरो: २०४४' आला, सुपरहिरोंचा पहिला स्वतंत्र रोलप्लेइंग खेळ. इथे अडचण दुसरीच होती. सुपरहिरो पहिल्या दिवसापासून बलवान असतो, आणि एकाच संघात एक जण इमारत उचलतो तर दुसरा फक्त उत्तम तिरंदाज असतो. दोघांना एकाच टेबलावर बरोबरीने खेळवायचं कसं? सॅक्समन यांनी मूळ गुण वाटायला पॉइंट दिले, पण खुद्द शक्तींची किंमत काय हे मोघमच राहिलं. १९७९ साली जेफ डी आणि जॅक हर्मन यांनी 'व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज'मध्ये हा प्रश्न गमतीने टोलवला. पात्र म्हणजे तुम्ही स्वतः. तुमची खरी ताकद, खरी हुशारी आकड्यांत मांडायची (मित्रांसमोर स्वतःच्या बुद्धीला गुण द्यायचे, हा प्रसंग किती मैत्र्यांना झेपला असेल देव जाणे) आणि मग शक्ती फाशांनी ठरवायच्या. एकाला उडता येतं, दुसऱ्याच्या वाट्याला भलतंच काही. अशा विजोड शक्तींना एक उगमकथा द्यायची, हे कल्पनेचं चांगलं कसब होतं. पण मनात असलेला नायक हवा असेल तर हा खेळ उपयोगाचा नव्हता.

तो नायक दिला 'चॅम्पियन्स'ने. जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन यांचा हा खेळ १९८१ चा. यात फासे टाकून काहीच ठरत नाही, सगळं विकत घ्यायचं. मुळात १०० पॉइंट. आणि शक्ती घ्यायच्या त्या दिसतात कशा यावर नाही, करतात काय यावर. डोळ्यांतून किरण, हातातून वीज, तोंडातून ज्वाळा: नियमांच्या दृष्टीने तिन्ही एकच, दूरवरून केलेला मारा, नुकसान ठरवणाऱ्या एका फाशाला पाच पॉइंट. वर्णन खेळाडूचं, गणित पुस्तकाचं. शक्तीला जादा फायदा जोडला की दर चढतो, मर्यादा जोडली की उतरतो. तोच मारा हिसकावून घेता येईल अशा बंदुकीतून होत असेल तर निम्म्या दरात पडू शकतो. शक्तींची अशी मोडतोड करता येते म्हटल्यावर काही खेळाडू खेळण्यापेक्षा पात्रं बनवण्यातच रमले. आकडेमोडीची आवड असेल तर तो वेगळाच खेळ होता.

पण 'चॅम्पियन्स'चा दूरगामी शोध म्हणजे उणिवा. १०० पॉइंट पुरत नाहीत, आणखी हवे असतील तर स्वतःवर संकट ओढवून घ्यायचं. गुप्त ओळख, एखाद्या पदार्थापुढे हतबलता, मागे लागलेला शत्रू, सांभाळावी लागणारी आत्या किंवा मैत्रीण. शत्रू किती वेळा उगवणार तेही विकत घेताना ठरतं. तीन फाशांवर ८ किंवा कमी म्हणजे साधारण चारातून एकदा, ११ किंवा कमी म्हणजे ६२ टक्के, १४ किंवा कमी म्हणजे दहातून नऊदा. गेम मास्टर खेळाआधी प्रत्येकासाठी फासे टाकतो आणि आज कुणाचा भूतकाळ दारात उभा आहे ते कळतं. पाच खेळाडूंच्या शीट एकत्र ठेवल्या की पाच-सहा खलनायक, दोन वृत्तपत्र कचेऱ्या, एक भ्रष्ट महापौर आणि आठ-दहा सामान्य माणसं आयती मिळतात. शहर झालं तयार. 'ट्रॅव्हलर'मध्ये जगाने पात्राला कर्जबाजारी केलं होतं. इथे पात्राने आपल्या गरजेपोटी जग उभं केलं. खोट एवढीच की मोबदला आधीच मिळालेला असतो. 'पाण्याखाली कमजोर' म्हणून पॉइंट घ्यायचे आणि मग वर्षभर समुद्राकडे फिरकायचंच नाही, हा धूर्तपणा सर्रास चालायचा. पुढे १९८६ साली 'गर्प्स' या खेळाने गुण-अवगुणांची हीच विकत-घ्या पद्धत सगळ्या कथाप्रकारांना लावली, पण अवगुणांतून मिळणाऱ्या पॉइंटना मर्यादा घालून.

कॉमिक्स कंपन्यांचे परवाने घेतलेले खेळ लगोलग आले, आणि तिथे मुख्य काम तयार नायकांना आकड्यांत बसवायचं होतं. मेफेअर कंपनीच्या 'डीसी हिरोज'ने (१९८५) प्रत्येक पायरीला ताकद दुप्पट केली. दहा पायऱ्या चढल्या की १,०२४ पट, त्यामुळे पहारेकरी आणि पर्वत हलवणारा एकाच तक्त्यावर मावले. जेफ ग्रब यांच्या 'मार्व्हल सुपर हिरोज'मधला (१९८४) मला आवडणारा नियम मात्र नैतिक आहे: नायकाने कुणाचा जीव घेतला की साठवलेलं सगळं 'कर्म' (चांगल्या कामांचे पॉइंट) शून्य. कॉमिक्सचं जग कसं चालतं हे पानभर समजावण्यापेक्षा हा एक दंड जास्त सांगून जातो.

याच दशकात टेबलावरचं साहित्य उलट्या दिशेने छापील कथांत शिरलं. लेखक जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना १९८३ साली 'सुपरवर्ल्ड' हा खेळ वाढदिवसाला भेट मिळाला. त्यांच्या अल्बुकर्कीतल्या लेखक-मित्रांच्या गटाने तो इतका खेळला की त्यातूनच १९८७ पासून 'वाइल्ड कार्ड्स' ही सामायिक विश्वातली कथामालिका निघाली. वेस्ट एंड गेम्सने १९८७ साली 'स्टार वॉर्स'चा खेळ काढला तेव्हा पडद्यावर क्षणभर दिसलेल्या परग्रहवासीयांना जातींची नावं, ग्रह, इतिहास द्यावे लागले, कारण उद्या एखादा खेळाडू म्हणेल, मला तोच व्हायचंय. लेखक टिमोथी झान यांना 'स्टार वॉर्स'च्या नव्या कादंबऱ्या लिहायला बसवलं तेव्हा संदर्भासाठी हीच खेळाची पुस्तकं पाठवण्यात आली. पात्र घडवायची सोयही या खेळाने फार सोपी केली. ठरीव साचा उचला, सात फासे कौशल्यांत वाटा, चला. पाच मिनिटांत यानात.

माइक पॉन्डस्मिथ यांच्या 'सायबरपंक'मध्ये (१९८८) 'ट्रॅव्हलर'चा भूतकाळ परत आला, पण नोकरीऐवजी नाती घेऊन. वर्षागणिक फासे टाका: यंदा कोण मित्र झालं, कुणाशी वैर, कुणी प्रेमात दगा दिला. शरीरात यंत्रं बसवावीत तशी माणुसकीचा आकडा उतरतो. विज्ञानकथेच्या पात्राला अशा रीतीने सुपरहिरोसारखे वैयक्तिक वैरी मिळाले, आणि तेव्हापासून दोन्ही वाटा जवळ येऊ लागल्या.

उणिवांचा आगाऊ मोबदला ही जुनी खोट दूर व्हायला बराच काळ गेला. स्टीव्ह केन्सन यांच्या 'म्यूटंट्स अँड मास्टरमाइंड्स' या सुपरहिरो खेळाच्या २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीत अशा उणिवेसाठी, म्हणजे तिथल्या भाषेत गुंतागुंतीसाठी, सुरुवातीला काही मिळत नाही; ती खेळात प्रत्यक्ष आडवी आली की त्या क्षणी, पुढे अडचणीत वापरायचा, हिरो पॉइंट हातात पडतो. मग समुद्र टाळणारा खेळाडूच म्हणू लागतो, आज बंदरावर जाऊ या का? 'डायस्पोरा' या विज्ञानकथेच्या खेळाने (२००९) ताऱ्यांचा नकाशा गेम मास्टरच्या हातून काढून सगळ्या टेबलाला दिला. प्रत्येक ग्रहमालेला तंत्रज्ञान, पर्यावरण आणि संसाधनं असे तीनच आकडे. ते सर्वांनी मिळून फाशांनी ठरवायचे, त्यांचा अर्थ लावायचा आणि मगच त्या ग्रहांवरची माणसं घडवायची. मॉन्गूज कंपनीच्या २००८ च्या 'ट्रॅव्हलर'मध्ये हुकलेला फासा आता मरण आणत नाही, अपघात आणतो आणि नोकरी सुटते. दोन खेळाडूंनी आपापल्या कारकिर्दीतले प्रसंग एकमेकांशी जोडले तर दोघांना एकेक जादा कौशल्य. त्यामुळे यानात चढणारी माणसं आता अनोळखी नसतात. कुणीतरी कुणाला युद्धात मागे टाकून आलेलं असतं.

ब्रेंडन कॉनवे यांचा 'मास्क्स' (२०१६) किशोरवयीन सुपरहिरोंचा. त्यात ताकद-चपळाई नाहीतच. नायकाला स्वतःविषयी काय वाटतं त्याचे पाच आकडे आहेत: धोकादायक, विचित्र, तारणहार, श्रेष्ठ, सामान्य. इमारत उचलता येते की नाही यावर गणित खर्चच होत नाही, म्हणून तिरंदाज आणि पर्वत हलवणारा यांना तोलायचा प्रश्नही उद्भवत नाही. खेळातल्या हॅल्सियन सिटी या शहरात आधीच्या तीन पिढ्यांचे सुपरहिरो आहेत, आणि ज्याचं वजन पोरावर पडतं अशा कुणी त्याला 'तू असा आहेस' म्हणून सुनावलं की शीटवरचा एक आकडा चढतो आणि दुसरा उतरतो. मानायचं नसेल तर फासे टाकून ते म्हणणं धुडकावता येतं, पण दान उलटं पडलं तर आकडे बदलतातच.