एबी बाय टू म्हणजे खोली नव्हे: बोअरच्या सर्व्हेमागचं गणित

पश्चिम विदर्भात बोअर मारायच्या आधी आता पाणाड्याच्या नारळासोबत मशीनही वावरात येतं. जमीन विजेला किती अडवते, म्हणजे तिची रोधकता, ते यावर मोजतात: एका रेषेत चार सळया ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची, मधल्या दोनवर माप घ्यायचं, आणि बाहेरच्या सळया लांब लांब नेत तेच पुन्हा करायचं. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळलेली असते, सळई ठोकली तरी मातीला धरत नाही, म्हणून बुडाशी मिठाचं पाणी ओततात. तारेचं रीळ धुरा ओलांडून दुसऱ्याच्या पऱ्हाटीत शिरतं. तासाभराने वीसेक आकडे वहीत उतरतात आणि शेतकरी एकच प्रश्न विचारतो, "साहेब, पानी कितीक फुटावर लागन?"

वहीतल्या वीस आकड्यांवरून जमिनीतले थर काढणं हे मुळात एक समाकल (इंटिग्रल) समीकरण सोडवणं आहे. थर माहीत असतील तर वरचं माप काढता येतं. त्याचं सूत्र, बेसेल फलन (लाटेसारखं वरखाली होणारं एक फलन) असलेलं समाकल, १९३० साली मांडलं गेलं. अडचण उलटी आहे. माप हातात आहे, थर हवे आहेत. माप निर्दोष आणि प्रत्येक अंतरावरचं असेल तर ठरावीक अटींवर उत्तर एकच येतं, हे १९३३ साली सिद्धही झालं. पण मापात जरा फरक पडला तर उत्तरातही जराच पडावा, ही १९०२ पासून गणितात मांडली गेलेली साधी अपेक्षा इथे पुरी होत नाही. समाकल म्हणजे एका अर्थाने सरासरी, आणि सरासरीवरून मूळ आकडे शोधायला गेलं की लहानशी चूकही फुगत जाते.

त्यामुळे कित्येक वर्षं फारसं कोणी समीकरण सोडवायच्या भानगडीत पडलं नाही. तयार आलेखांचे संच छापलेले असत. आपली मापं लॉग-लॉगच्या पारदर्शक कागदावर उतरवायची, संचातल्या वक्रांवर सरकवून पाहायची आणि जुळेल तो वक्र आपला म्हणायचा. दोन थरांना हे छान जमतं, तीनला चालतं, चौथ्या थराला माणूस अंदाजावर येतो.

हे बदललं १९७१ साली. डेल्फ्टमध्ये काम करणाऱ्या एका भारतीय संशोधकाने दाखवलं की अंतराचा लॉग घेतला की हे समाकल संवलन बनतं, म्हणजे सरकत्या वजनांची बेरीज. मग बेसेल फलनाच्या वाटेला जायलाच नको. लॉग मोजपट्टीवर दर दशकाला, म्हणजे अंतर दहापट होईपर्यंत, तीन बिंदू घ्यायचे, नऊ ठरलेल्या गुणकांनी गुणायचं, बेरीज करायची. ज्या गणिताला मोठा संगणक लागे ते हातातल्या कॅल्क्युलेटरवर आलं. पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ पडला आणि महाराष्ट्रात गावोगाव पाण्यासाठी जमिनीत भोकं पाडायची वेळ आली. हा निव्वळ योगायोग, पण ते नऊ गुणक वेळेवर आले एवढं खरं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट तीच.

आता त्या शब्दाबद्दल, ज्याने सगळ्यात जास्त घोळ घातला. सर्व्हेच्या वहीत 'आभासी रोधकता' असा रकाना असतो. 'आभासी' म्हटलं की हल्ली लोकांना ऑनलाइन मीटिंग आठवते. इथे अर्थ वेगळा आहे: खालची सगळी जमीन एकजिनसी असती, तर हेच माप यायला तिची रोधकता किती असावी लागली असती, तो आकडा. तो मुरमाचा नसतो, मांजऱ्या (मऊ, छिद्रांच्या) खडकाचा नसतो, काळ्या पाषाणाचाही नसतो. सगळ्यांची मिळून झालेली ती भाजी असते.

त्याला चिकटून येतो 'एबी बाय टू', म्हणजे बाहेरच्या दोन सळयांमधल्या अंतराचा निम्मा. पाण्याने रोधकता उतरते, म्हणून ४० मीटरला आकडा पडला, म्हणजे ४० मीटरवर पाणी, असं सर्रास सांगितलं जातं. या समजाला मूळ आहे. जमीन एकजिनसी असेल, तर सळयांच्या मधोमध उभ्या प्रतलातून जाणाऱ्या विजेच्या प्रवाहापैकी बरोबर निम्मा एबी बाय टू इतक्या खोलीच्या वरून आणि निम्मा खालून जातो. पण एकजिनसी जमीन आपल्याकडे आहे कुठे? वर ओली काळी माती जाड असेल तर प्रवाह तिच्यातच रेंगाळतो, आणि ४० मीटरवर ठोकलेली सळईसुद्धा वरवरचीच गोष्ट सांगते. एबी बाय टू हे तारेचं अंतर आहे. खोली गणितातून काढावी लागते आणि ते गणित बहुतेक वेळा केलेलंच नसतं. शेतकऱ्याकडून पैसे मात्र गणिताचेच घेतात.

गणित केलं तरी पेच सुटतोच असं नाही. तीन थर धरले तर पाच अज्ञातं, चार धरले तर सात. वीस मापं आणि सात अज्ञातं यांचं मॅट्रिक्स कागदावर छोटं दिसतं, पण दोन कठीण थरांच्या मधे मांजऱ्या सापडला की त्याचे स्तंभ जवळपास एकमेकांची नक्कल होतात. १० मीटर जाडीचा २० ओम-मीटरचा (हे रोधकतेचं एकक) थर आणि ५ मीटर जाडीचा १० ओम-मीटरचा थर, दोन्हींचा भागाकार अर्धा, म्हणून वरचा आलेख जवळजवळ सारखाच. अशा मॅट्रिक्सचा व्यस्त काढायला गेलं की आकडे उधळतात. त्यांना वेसण घालायची युक्ती १९४४ साली सुचली, १९६३ साली पुन्हा मांडली गेली तेव्हा चालली, आणि १९७० च्या दशकात या सर्व्हेत आली. त्यानंतर संगणक उत्तर देतोच. मात्र ते उत्तर सर्व्हेवाल्याने सुरुवातीला टाकलेल्या अंदाजाजवळच घुटमळतं, आणि खाली 'एरर २ टक्के' छापून येतं. हे दोन टक्के आलेख जुळण्याचे आहेत, पाण्याच्या खोलीचे नव्हेत.

पुढे सळया चारच्या पन्नास झाल्या आणि जमिनीचा उभा काप चित्रात दिसू लागला. अज्ञातं शेकड्यांत गेली. प्रत्येक फेरीत विद्युत विभव (व्होल्टेज) काढायला सोडवायची समीकरणं तर हजारोंनी, पण त्यांचं मॅट्रिक्स बहुतांशी शून्यांनी भरलेलं. अशांसाठीची पुनरावृत्तीची पद्धत १९५२ सालीच निघाली होती. 'ठरावीक पायऱ्यांत अचूक उत्तर' या अपेक्षेने वापरली म्हणून ती मागे पडली. मोठ्या विरळ मॅट्रिक्सला अर्ध्यात थांबवूनही ती पुरते हे ध्यानात आलं, तेही १९७१ सालीच.

राहिला निवडीचा प्रश्न. शेकडो उत्तरं मापाशी जुळतात, त्यातलं कोणतं घ्यायचं? १९८७ पासून 'सर्वांत गुळगुळीत ते घ्या' हा संकेत रुळला. तो सोयीचा आहे, पण आपल्या बेसाल्टला साजत नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक टाकलेल्या भाकरींसारखे. एक संपला की दुसरा सुरू, मधे कधी लाल मातीची पातळ पट्टी. गुळगुळीत गणित ही कड पुसून टाकतं आणि पट्टीचा ढग करतं. कडा राखणारा पर्यायही सॉफ्टवेअरमध्ये असतो, एका क्लिकवर.

चित्रात कमी रोधकतेला बहुधा निळा रंग देतात. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात, जिथे पाणी पार खोल गेलंय, निळं दिसलं की माणूस रिग बोलावतो. अकोल्याकडे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात चित्र वरपासून खालपर्यंत निळंच येतं, कारण चिकणमाती आणि खारं पाणी दोन्हींची रोधकता कमीच असते. गुळगुळीत वापरलं की कडा राखणारं, हे रिपोर्टात छापायची पद्धत नाही.