श्वसनविषाणूंची कोडॉन-निवड आणि यजमानाचा माग : पार्श्वभूमी

कोडॉन म्हणजे प्रथिनातील एका अमिनो आम्लाचा संकेत देणारी जनुकक्रमातील तीन अक्षरे (आरएनएमध्ये ही अक्षरे ए, यू, जी आणि सी). एकाच आम्लाच्या समानार्थी कोडॉनांपैकी काहींनाच झुकते माप देण्याची प्रत्येक सजीवाची रीत वेगळी असते, हे १९८० च्या सुमारास पुरेसे जनुकक्रम हाती आल्यावर स्पष्ट झाले. १९८७ मध्ये हा कल मोजणारा कोडॉन अनुकूलन निर्देशांक मांडला गेला. तो मुख्यतः ई. कोलाय हा जीवाणू आणि यीस्टमधील भरपूर प्रथिने बनवणाऱ्या जनुकांवर बेतलेला होता. पुढे तोच विषाणूंना लावण्यात आला. विषाणू यजमानाच्याच (म्हणजे ज्याच्या शरीरात तो वाढतो त्याच्या) टी-आरएनएवर, म्हणजे कोडॉन ओळखून अमिनो आम्ल आणणाऱ्या रेणूंवर, प्रथिने तयार करतो, तेव्हा त्याची कोडॉन-निवड यजमानासारखी होत जाणार, असे त्यामागचे गृहीतक होते.

या गृहीतकाची खरी कसोटी इन्फ्लुएन्झाने घेतली. १९१८ च्या साथीत दगावलेल्या सैनिकांच्या फुप्फुसांचे मेणात जतन केलेले तुकडे आणि अलास्कातील गोठलेल्या जमिनीतून १९९७ मध्ये काढलेल्या मृतदेहाचे फुप्फुस, यांवरून त्या विषाणूच्या जनुकसंचाचे आठही खंड २००५ पर्यंत वाचून झाले. पक्ष्यांतील विषाणूंशी मिळताजुळता असलेला हा क्रम पुढील दशकांतील मानवी विषाणूंशी ताडून पाहिल्यावर सी-नंतर जी येण्याचे, म्हणजे सीपीजीचे, प्रमाण सातत्याने घटलेले दिसले. (१९७७ मध्ये परतलेला एच१एन१, म्हणजे १९१८ च्याच प्रकारचा इन्फ्लुएन्झा, हा १९५० च्या आसपासच्या विषाणूची जवळजवळ नक्कल होता, त्यामुळे काळ मोजताना मधली वर्षे वजा करावी लागतात.) माणसांत दीर्घकाळ मुरलेल्या इन्फ्लुएन्झा बी मध्ये हे प्रमाण आधीपासूनच कमी होते. यजमान बदलल्याची खूण विषाणूच्या क्रमात उमटते, एवढे यातून सिद्ध झाले. मात्र ती खूण टी-आरएनएशी जुळवून घेतल्याची होती असे ठरले नाही. २०१७ मध्ये झॅप हे मानवी प्रथिन सीपीजीबहुल विषाणू-आरएनए हेरून त्याला रोखते, असे एचआयव्हीवरील प्रयोगांत दिसले, आणि सीपीजी टाळण्यामागे प्रतिकारयंत्रणेचा दाब असू शकतो या मताला बळ मिळाले.

हा फरक किती महत्त्वाचा आहे, ते जानेवारी २०२० मध्ये कळले. वुहानमधील नव्या विषाणूच्या (सार्स-कोव्ह-२, म्हणजे कोविडचा कोरोनाविषाणू) कोडॉन-वापराची मोजक्या प्राण्यांच्या कोडॉन-वापराशी तुलना करून, मण्यार आणि नाग या सापांशी त्याचे अंतर सर्वांत कमी आहे, म्हणून साप हाच माणसापर्यंत विषाणू पोहोचवणारा संभाव्य मधला यजमान असावा, असा निष्कर्ष २२ जानेवारीला प्रसिद्ध झाला. आकडेमोड चुकलेली नव्हती. तिच्यावरून काढलेले अनुमान टिकणारे नव्हते. कोरोनाविषाणूंच्या क्रमात ए आणि यू यांचा भरणा मुळातच जास्त असतो. सार्स-कोव्ह-२ च्या सुमारे २९,९०० अक्षरांपैकी जी आणि सी मिळून ३८ टक्केच आहेत, तर माणसाची अनेक जनुके कोडॉनाच्या तिसऱ्या जागी जी किंवा सी पसंत करतात. अशा विषाणूची कोडॉन-निवड एखाद्या प्राण्याशी जुळली, तर ती त्या प्राण्यात वावरल्यामुळेच जुळली असे म्हणता येत नाही, कारण विषाणूचा स्वतःचा उत्परिवर्तनाचा कलही तीच छटा देतो. त्यातच सापांच्या अगदी थोड्या जनुकांचे क्रम तुलनेसाठी उपलब्ध होते. लवकरच वटवाघळातील ९६ टक्के साम्य असलेला क्रम पुढे आला आणि सापाचा मुद्दा मागे पडला. निर्देशांक मोजून यजमान घोषित करण्याची घाई मात्र थांबली नाही. २०२१ मध्ये फ्युरिन छेदस्थळावरील (विषाणूचे काटा-प्रथिन फ्युरिन हे यजमानाचे विकर जिथे कापते त्या जागेवरील) लागोपाठच्या दोन सीजीजी कोडॉनांवरून, हा विषाणू प्रयोगशाळेत घडवला गेला असे सांगितले जाऊ लागले. या विषाणूत सीजीजी दुर्मीळ आहे, पण अनुपस्थित नाही. दुर्मीळपणावरून मूळ ठरवणे ही सापाच्या प्रकरणातलीच चूक होती.

लसींच्या क्षेत्रात वाद अजून बारीक आहे. २००८ मध्ये पोलिओ आणि २०१० मध्ये इन्फ्लुएन्झा विषाणूत अमिनो आम्ले तशीच ठेवून नको असलेल्या, म्हणजे यजमानाच्या जनुकांत शेजारी-शेजारी क्वचितच येणाऱ्या, कोडॉन-जोड्या भरल्या, तेव्हा विषाणू दुबळा झाला. जोड्या बदलताना सीपीजी आणि यूपीए (यू-नंतर ए) आपोआप वाढतात आणि दुबळेपणा त्यांचाच आहे, असा आक्षेप २०१४ मध्ये आला. जोड्यांच्या बाजूने उत्तरही देण्यात आले. याच तंत्राने बनवलेल्या, नाकातून द्यायच्या कोविड लसीचे उत्पादन पुण्यातील एका कंपनीने केले आणि २०२१ च्या आरंभी तिची पहिली मानवी चाचणी लंडनमध्ये सुरू झाली. तिच्या काट्याच्या जनुकात २८३ मूक (अमिनो आम्ल न बदलणारे) बदल आहेत, शिवाय फ्युरिन छेदस्थळही काढून टाकलेले आहे. त्यामुळे विषाणू दुबळा होण्यात जोड्यांचा वाटा किती, सीपीजीचा किती आणि छेदस्थळाचा किती, हे त्या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही.