स्वस्त उपनगरातली शाळा कमकुवतच असते?

‘कुपवाड, बुधगावकडे घर स्वस्त मिळेल, पण पोरांच्या शिक्षणाचं वाटोळं होईल; त्यापेक्षा कर्ज वाढवा आणि विश्रामबागेत फ्लॅट घ्या,’ हा सल्ला सांगलीत सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. जागेच्या दरावरून वर्गातलं शिकवणं कळत नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा, मग वस्ती महाग असो की स्वस्त. शाळेची पटसंख्या, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं यूडायस प्लस या शाळांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात. तरी इसार देण्याआधी, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, शाळेत जाच. तिसरीतल्या मुलाची वही बघा: नुसतं फळ्यावरून उतरवलंय, की चार वाक्यं त्याची स्वतःची आहेत? आणि बाईंनी ती खरोखर तपासलीत का?